जिजीचा कागद

'तो कागद खोटा आहे.' हे वाक्य आमच्या घरात इतकं रुळलेलं होतं, की लहानपणी मला कुठला कागद हे विचारावंसंही वाटलं नाही. लग्नात, दहाव्याला, उसाच्या तोडीच्या दिवसांत, आमच्याकडची दोन वडीलधारी माणसं शेजारी टेकली की बोलणं फिरून फिरून तिथंच यायचं. धाकट्या घरातलं कुणी समोरून गेलं तर तेवढ्यापुरतं थांबायचं, ते पुढे गेलं की पुन्हा सुरू.

कागद म्हणजे जिजीचं मृत्युपत्र. जिजी माझ्या पणजोबांची मधली भावजय. तीन भावांत पणजोबा थोरले. वाटण्या लवकर झाल्या होत्या आणि मधल्याच्या वाट्याला ओढ्याकाठची चांगली जमीन आली होती. तो तापानं तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. जिजी त्याच घरात पुढे जवळजवळ तीस वर्षं एकटी राहिली आणि १९६३ साली गेली. गेल्यावर धाकट्या दिरानं कागद काढला. त्यात जिजीनं सगळी जमीन त्याच्या मुलाला, म्हणजे आपल्या पुतण्याला दिली होती. थोरल्या घराला, म्हणजे आम्हाला, काही नाही.

वडील गेल्यावर मी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. त्यांच्या पेटीत वंशावळीचा तक्ता होता, तलाठ्याकडे देण्यासाठी केव्हातरी काढलेला. मधल्या भावाच्या नावाखाली एक आडवी रेघ आणि पुढे 'निर्वंश'. जिजीचं नाव कुठंच नाही. घराण्यात सगळ्यात जास्त बोललं जातं ते जिच्या कागदाबद्दल, ती बाई तक्त्यात नाही, हे मला सहन झालं नाही. तिला तिथं लिहायचं तर तिच्या मृत्युपत्राबद्दल काहीतरी लिहावं लागणार होतं. आणि 'खोटं' असं लिहायचं तर ते कशावरून, हेही.

घरातल्या जाणत्या माणसांना विचारलं. आक्षेप ठरलेले होते. जिजीला वाचता येत होतं, मग सहीऐवजी अंगठा कसा? कागद स्टँपवर नाही, साध्या कागदावर आहे. रजिस्टर केलेला नाही. आणि १९५८ ला केलेला कागद ती जाईपर्यंत पाच वर्षं कुणाला दाखवला नाही, तो का?

ओळखीच्या एका वकीलबाईंपुढे हे सगळं मांडलं, तेव्हा त्यांनी तीन आक्षेप तिथल्या तिथंच बाजूला काढले. मृत्युपत्राला स्टँप लागतच नाही. नोंदणी करणं न करणं करणाऱ्याच्या मर्जीवर असतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यातही तसंच आहे. हयातीत ते लपवून ठेवणं तर जगरहाटीच आहे, कारण ज्या म्हातारीनं जमीन कुणाच्या नावे केली ते गावाला कळलं, तिचे शेवटचे दिवस सुखाचे जात नाहीत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं ६३ वं कलम मागतं ते एवढंच: करणाऱ्याची सही किंवा निशाणी, आणि ती होताना पाहिलेले, किंवा ती आपलीच असल्याचं त्याच्या तोंडून ऐकलेले, किमान दोन साक्षीदार. घराण्याचे कागद चाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. मुंबई शहराबाहेर, आपल्याकडच्या मुफसलात, १ जानेवारी १९२७ च्या आधी हिंदूंच्या मृत्युपत्राला एवढंही लागत नसे. साक्षीदार नसले तरी चाले, तोंडी सांगितलेलंही चाले. तेव्हा १९१० सालच्या कागदावर साक्षी नाहीत म्हणून तो बनावट ठरवणाऱ्यानं आधी तारीख बघावी.

राहिला अंगठा. जिजी पोथी वाचायची हे खरं. चातुर्मासात तिच्या ओसरीवर बायका ऐकायला बसत, हे सांगणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. पण त्या पिढीतल्या किती बायकांना अक्षरओळख होती आणि हातात लेखणी मात्र कुणी दिली नव्हती! वाचणं बसल्या बसल्या, कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून येतं. लिहायला पाटी लागते, शिकवणारा लागतो, आणि लिहून करायचं काय, या प्रश्नाला उत्तर लागतं. १९५२ साली जिजीनं विहिरीसाठी कर्ज काढलं होतं. त्या गहाणखताची नक्कल मी दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळवली. तिथंही 'निशाणी डावा अंगठा'. मृत्युपत्राच्या सहा वर्षं आधीचा, रजिस्टर झालेला, ज्यावर घरात कधी कुणी शंका घेतली नाही असा दस्त.

म्हणजे घरातले चारही आक्षेप टिकत नव्हते. पण आक्षेप पडले म्हणून कागद खरा ठरत नाही, हेही वकीलबाईंनीच बजावलं. एरवी तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून पुढे आला, तर त्यावरच्या सह्या खऱ्या धरण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ९० व्या कलमानं न्यायालयाला दिली होती. मृत्युपत्राला ही सवलत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये स्पष्ट केलं. कितीही जुनं असो, ते सिद्धच करावं लागतं. साक्षीदार हयात नसले तर त्यांचं अक्षर ओळखणारं कुणीतरी लागतं.

तेव्हा मूळ कागद बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो धाकट्या घरात, ज्या पुतण्याला जमीन मिळाली त्याच्या नातवाकडे. नात्यानं माझा भाऊच, पण आमचं बोलणं लग्नाच्या पत्रिकांपुरतं. मी फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ताई, या तुम्ही. कागद दाखवतो. पण कोर्टाचं काही असेल तर आत्ताच सांगा." मी म्हटलं, "अरे, तसलं काही नाही. जिजीचं नाव वंशावळीत लिहायचंय." यावर तो म्हणाला, "आमच्या तक्त्यातपण नाहीये ती."

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत. वहीतला नव्हे, चांगला जाड, रेघी कागद. दोन पानं, घड्या पडून चार ठिकाणी विरलेली. अक्षर वळणदार, बाळबोध, एका हाताचं. सुरुवात ठरीव: 'मी खाली निशाणी करणार, स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेविते ऐसे की.' मी पहिल्यांदा स्थळ बघितलं. 'जिल्हा उत्तर सातारा.' हे बघून मला हायसं वाटलं. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला आणि उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला. १९६३ नंतर घाईनं कागद रचणाऱ्याच्या हातून तिथं 'सातारा' किंवा 'महाराष्ट्र' सहज पडलं असतं. जमिनीचा आकार रुपये, आणे, पैत होता, क्षेत्र एकर-गुंठ्यांत. १९५८ ला जसं असायला हवं तसंच.

साक्षीदार दोन. पहिल्याची सही मोडीत, हात न उचलता ओढलेली. दुसरे गावच्या शाळेचे हेडमास्तर. ती सही पाहिल्यावर मला ओळखीची वाटली, पण कुठली ते आठवेना. घरी आल्यावर वडिलांची पेटी पुन्हा उघडली. त्यांचा १९५९ चा शाळा सोडल्याचा दाखला, आणि खाली तीच सही. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला तसाच खाली लोंबणारा फराटा. मी हस्ताक्षरतज्ज्ञ नाही. पण तो दाखला लहानपणापासून पाहिलेला. मला शंका उरली नाही.

दोन गोष्टी मात्र खुपल्या. एक, लिहिणारा धाकट्या दिराचा मेहुणा होता. कागदाच्या शेवटी 'बिकलम' म्हणून त्याचं नाव आहे. ज्याच्या घरात जमीन जाणार त्याच्याच माणसानं कागद लिहायचा, हे आजही कुठलंही न्यायालय कान टवकारून ऐकेल. दुसरी, तारीख. सगळा मजकूर निळसर काळ्या शाईत, तारखेचा आकडा मात्र निराळ्या, गडद निळ्या. आकड्यासाठी सोडलेली जागा जास्त होती आणि आकडा तिच्या एका कडेला. म्हणजे मजकूर आधी तयार झाला, तारीख मागाहून पडली.

यानंतर मी फेरफार काढला. १९६३ मध्ये जिजी गेल्यावर पुतण्याचं नाव लावताना तलाठ्यानं केलेली नोंद. जुने फेरफार आता स्कॅन झालेले असतात, पण हा कडेनं उडालेला होता, म्हणून तहसिलीतल्या अभिलेख कक्षात मूळ वही पाहायला मिळेपर्यंत वाट पाहावी लागली. नोंद छोटी आहे: खातेदार मयत, मृत्युपत्र करून ठेवलं, हितसंबंधितांना नोटीस बजावली, 'हरकत नाही असा जबाब दिला.' जबाब देणाऱ्यांत पहिली सही माझ्या पणजोबांची.

ज्या घरात मी 'कागद खोटा' हे ऐकत वाढले, त्या घराच्या कर्त्या माणसानं कागद निघाला तेव्हाच हरकत नाही म्हणून सही केलेली होती. त्या काळच्या हिशेबानं त्यांचं नुकसान लहान नव्हतं. मृत्युपत्र नसतं, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे निपुत्रिक विधवेची, नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे गेली असती. दोन्ही भाऊ हयात होते, तेव्हा अर्धी पणजोबांना. ते हे जाणत नसतील असं मला वाटत नाही. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क चुलत्यांना मी ती नोंद वाचून दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आबा कधी खोटा म्हणाले नाहीत. ते बोलणं पाणी आल्यानंतरचं."

आबा म्हणजे माझे पणजोबा. पाणी म्हणजे धोमचं. सत्तरच्या दशकात वाईजवळ कृष्णेवर धरण झालं, कालवे निघाले, आणि ओढ्याकाठच्या ज्या जमिनीत ज्वारी आणि हरभरा निघायचा तिथं ऊस उभा राहिला. आमची माळाकडची जमीन तशीच राहिली. पणजोबा तोवर गेले होते. दोन घरांतलं अंतर आता पिकांत दिसू लागलं, आणि तिथून पुढे 'तो कागद खोटा' सुरू झालं. चुलत्यांनी हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की मी कागदाची तारीख तपासत बसले होते, शंकेची तपासलीच नव्हती. कौटुंबिक आठवण ही पुरावा म्हणून घ्यायची, तर ती कधीपासूनची, हे विचारायलाच हवं. साठ वर्षं जुनी म्हणून सांगितली जाणारी गोष्ट बरेचदा चाळीस वर्षांची असते. मधली वीस वर्षं कुणी काहीच बोललेलं नसतं, आणि ते न बोलणं हाही पुरावा असतो.

पण मी इथं थांबू शकले नाही, कारण कागदावर आणखी एक ओळ होती. तिचा फोटो भावानं काढू दिला होता आणि तो मी रात्री मोठा करून पुन्हा पुन्हा पाहत होते. दुसऱ्या पानाच्या शेवटी, मजकूर संपल्यावर आणि अंगठ्याच्या वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात घुसवलेलं एक वाक्य: 'आक्कीला माझी तांब्याची घागर द्यावी अन् तिनं ती मोडीत घालू नये.'

बाकी कागदात सगळी नावं तीन-तीन शब्दांची, बापाच्या आणि आडनावासकट. इथं नुसतं आक्की. बाकी सगळीकडे 'व', इथं 'अन्'. आणि शाई तारखेची. गडद निळी.

आक्की म्हणजे आमची आक्का, वडिलांची आत्या. तिची आई बाळंतपणात गेली आणि तिला जिजीनं वाढवलं. आक्का नव्वदीला टेकून गेली. तिच्या घरी न्हाणीजवळ एक पोचे आलेली घागर होती. भांडीवाला दारात आला की सुना ती काढायला बघायच्या आणि आक्का ओरडायची, "ती जिजीची आहे, ती मोडीत घालायची नाही." जिजीच्या तेराव्यानंतर धाकटे काका स्वतः घेऊन आले होते, आणि हे शब्द त्यांनीच सांगितले होते, एवढं ती सांगायची. मृत्युपत्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या घरात तिचं जाणंयेणंच उरलं नव्हतं. माझ्या मते एवढ्यावर कागद खरा ठरतो. जमीन लाटायला निघालेला माणूस घागरीची ओळ रचत नाही, आणि रचलीच तर नंतर ती घागर डोक्यावर घेऊन तीन कोस पोचवत नाही.

मग पहिल्या शाईतला मजकूर पुन्हा वाचला. त्यात असं वाक्य आहे: 'हिंदू वारसा कायदा १९५६ चे कलम १४ अन्वये सदर मिळकतीची मी पूर्ण मालक झाले असून ती मला वाटेल त्यास देण्याचा मला अधिकार आहे.' या वाक्यानं माझी झोप उडवली. १७ जून १९५६ च्या आधी नवऱ्याकडून आलेली जमीन विधवेकडे फक्त हयातीपुरती असायची. उत्पन्न खावं, अगदी नड असेल तर गहाण टाकावी, पण मृत्युपत्रानं कुणाला देता येत नसे. तिच्यामागे ती आपोआप नवऱ्याच्या वारसांकडे जाई. १४ व्या कलमानं अशा बायकांना एका दिवसात पूर्ण मालक केलं. या देशातल्या बायकांच्या आयुष्यातली ती केवढी मोठी गोष्ट! आणि दोन वर्षांच्या आत आमच्या खेड्यात कुणाला तरी ते कलम आकड्यासकट माहीत होतं. साताऱ्याला जाऊन वकिलाकडून मसुदा करून आणण्याइतकं माहीत होतं. जिजीला माहीत होतं का?

कागद मला जेवढं सांगतो ते असं. जमिनीचा सगळा मजकूर एका शाईत, तयार होऊन आला. तिच्यासमोर, त्या दिवशी, त्या दिवसाच्या शाईत दोनच गोष्टी लिहिल्या गेल्या: तारीख आणि घागर. माझा अंदाज असा, की वाचून दाखवल्यावर कुणीतरी, बहुतेक हेडमास्तरांनी, तिला विचारलं असावं की आणखी काही सांगायचं आहे का. आणि तिनं जी वस्तू तिला आपली वाटत होती ती सांगितली. जमीन तिच्या लेखी घराण्याची असेल. नव्या कायद्यानं ती तिची झाल्याचं लिहिलेलं तिच्या कानांवरून गेलंही असेल. पण 'ही तुझी आहे, कुणाला द्यायची ते तू ठरव' असं तिला कुणी म्हटलं होतं का, हे त्या कागदात कुठंच नाही. पूर्ण मालक झालेल्या बाईनं त्या मालकीचा पहिला आणि शेवटचा उपयोग केला तो दुसऱ्याच्या मसुद्यावर अंगठा उठवण्यासाठी.

याच सुमारास, नोव्हेंबर १९५८ मध्ये, सुप्रीम कोर्टानं म्हैसूरकडच्या लक्ष्मम्मा नावाच्या बाईच्या मृत्युपत्राचा निकाल दिला. मृत्युपत्राबद्दल शंका आली की वकील आजही तोच निकाल उघडतात. लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, जन्म सातारचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इतर दस्तांच्या बाबतीत सही करणारा पुढे येऊन बोलू शकतो, मृत्युपत्र करणारा मात्र हे माझं की नाही हे सांगायला उरलेला नसतो, म्हणून सही खरी आहे एवढ्यावर न्यायालयानं थांबू नये, ज्याला लाभ होतो त्यानंच कागद करण्यात पुढाकार घेतला असेल तर ती शंका त्यानंच दूर करायला हवी. त्या खटल्यात ती दूर झाली नाही. जिजीच्या कागदाला ही कसोटी कुणी लावलीच नाही. पणजोबांनी सही केली आणि विषय मिटला.

अशा कागदांच्या मधोमध बसलेली बाई आपल्याला दिसतच नाही, हे मला पुण्याच्या ताईमहाराज प्रकरणातही वाटत आलं आहे. १८९७ मध्ये सरदार बाबामहाराज पंडित गेले, मृत्युपत्रानं नेमलेल्या विश्वस्तांत टिळक होते, आणि त्यांच्या तरुण विधवेनं, ताईमहाराजांनी, घेतलेलं दत्तक खरं की खोटं यावरून चाललेला झगडा १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये संपला. टिळकांवर खोट्या साक्षीचे आणि बनावटीचे आरोप झाले, हायकोर्टानं १९०४ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं. हे सगळं आपण टिळकांची कसोटी म्हणून वाचतो. ताईमहाराजांना स्वतःला काय हवं होतं, यासाठी ते कागद कुणी चाळतं का? तिच्या बाजूनं बोलणारेही सल्लागारच होते.

माझ्या टिपणात आता जिजीच्या नावापुढे असं आहे: 'मृत्युपत्र १९५८. निशाणी, साक्षी आणि काळाच्या खुणा पाहता कागद खरा. मसुदा लाभार्थ्यांच्या बाजूनं तयार झालेला. जमिनीबाबत तिची इच्छा विचारली गेली होती, याचा पुरावा नाही.' आमच्याकडच्या दोन चुलत्यांना पहिलं वाक्य पटलेलं नाही. धाकट्या घरातल्या भावाला मी छापण्याआधी टिपण पाठवलं. त्याचा फोन आला. शेवटचं वाक्य काढता येईल का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, शेवटची दोन वर्षं जिजी अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं माझ्या आजीनं केलं, तेवढं तरी लिहा. मी आमच्याकडे विचारलं, कुणी नाकारलं नाही. तेही लिहिलं आहे, त्याच्या आजीच्या नावासकट. कारण ती बाईदेखील दोन्ही तक्त्यांत नव्हती.